आठ वाजता शंभर माणसं

वाचकहो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. १९३८ साली अख्ख्या भाईंदरात वेळेची खरी कदर असलेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे मी, लीलाधर म्हात्रे! कोळीवाड्यातला पहिला मॅट्रिक, बलार्ड इस्टेटमधल्या एका कंपनीत कारकून, आणि मनगटावर स्विस घड्याळ! स्टेशनवरच्या घड्याळात आणि माझ्या घड्याळात मिनिटाचा जरी फरक पडला, तरी मी स्टेशनमास्तरांना जाऊन सांगत असे की तुमचं घड्याळ दुरुस्त करून घ्या.

आमचं भाईंदर म्हणजे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, मधोमध स्टेशन, आणि उरलेल्या जागेत आम्ही. आम्ही म्हणजे खाडीवरचे कोळी, चर्चजवळच्या वाडीत भाजी पिकवणारी कॅथलिक मंडळी, आणि मुंबईला कचेरीत जाणारे बत्तीस कारकून. गावात भांडणं अशी नव्हतीच. भांडायला माणसं एका वेळी एका जागी यावी लागतात, आणि ते आमच्याकडे कधी घडत नसे!

दुःख एकच होतं. सकाळची आठ-दहाची, म्हणजे आठ वाजून दहा मिनिटांची, फास्ट गाडी आमच्याकडे थांबत नसे. आमच्या तोंडावर धूळ उडवायची आणि निघून जायची. मागच्या रडतखडत येणाऱ्या गाडीने कचेरी गाठायला रोज वीस मिनिटं उशीर व्हायचा. बाकीच्या कारकुनांचे साहेब दयाळू होते. माझा नव्हता. त्याने मला एके दिवशी खोलीत बोलावून सांगितलं, "म्हात्रे, पहिल्या तारखेपर्यंत तुमच्या गावात ती गाडी थांबली नाही, तर तुम्हीच घरी थांबा!"

घरात खाणारी तोंडं सहा, कमावणारा मी एकटा. मी हबकलोच! त्याच रात्री रेल्वेला अर्ज खरडला. आणि काय सांगू, उत्तर आलं! येत्या गुरुवारी सकाळी आठ वाजता दस्तूर नावाचे इन्स्पेक्टरसाहेब स्वतः येऊन उतारू मोजणार. शंभर भरले तर गाडी थांबवण्याचा विचार होईल, नाही भरले तर अर्ज निकालात!

"शंभर?" माझी बायको सुभद्रा म्हणाली. "तुमच्या शब्दावर आपली मांजरसुद्धा येत नाही!"

"बघच तू," मी म्हणालो. "नियोजन म्हणतात त्याला!"

सोमवारी सकाळी मी खाडीच्या धक्क्यावर गेलो. तिथे आमची धाकलीमावशी पाट्या धुवत होती. तिने मान हलवली की साठ कोळणी निघतात, आणि तिने नाही म्हटलं की होड्यासुद्धा निघत नाहीत.

"मावशी, गुरुवारी आठाला सगळ्या जणी पाट्या घेऊन स्टेशनवर या. गाडी थांबली तर आपली मासळी बाजार उठायच्या आत दादरला पोचेल!"

"येव की. पन आठ म्हंजी कवा रं? आमच्याकरं घड्याल न्हाय."

मी घड्याळ बघितलं. बरोबर आठ! खाडीकडे बघितलं. भरतीचं पाणी धक्क्याच्या तिसऱ्या खांबाला लागलं होतं.

"हे बघ, पाणी तिसऱ्या खांबाला लागलं की निघायचं. सोपं!"

मावशीने माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघितलं. "नक्की? गुरुवारी?"

"अगं, मी मॅट्रिक आहे!"

तिथून चर्चमध्ये. घंटा वाजवायचं काम सेलेस्टिन बोर्जिसकडे होतं. वाडीतली सगळी मंडळी त्याच्या घंटेवर उठत, जेवत आणि झोपत.

"सेलेस्टिनभाव, आठाची घंटा झाली की सगळे स्टेशनवर!"

"आठाचे ठोके परले का निंगतो," सेलेस्टिन खूश होऊन म्हणाला. "सायेब येतंय तं बॅन्ड पन आनतो!"

झालं! बत्तीस कारकून, चाळीसेक कॅथलिक मंडळी, साठ कोळणी. शंभराला तीसेक वरच! बुधवारी मी गाढ झोपलो.

गुरुवारी आठ वाजता दस्तूरसाहेब गाडीतून उतरले. गोल टोपी, गोल पोट, हातात वही. फलाटावर आम्ही बत्तीस कारकून डबे घेऊन ओळीने उभे होतो. बाकी फलाट मोकळा! आठ-दहाची फास्ट आली, धूळ उडवून गेली. साहेबांनी चष्मा पुसला.

"बत्रीस," ते म्हणाले. "मिस्टर म्हात्रे, अरे बावा, सो बोला होता ने तमे?"

"येतायत साहेब! वाटेतच आहेत!"

तेवढ्यात मागची गाडी आली आणि मी सोडून एकतीसच्या एकतीस कारकून तीत चढून निघून गेले. आता फलाटावर साहेब, मी आणि एक कुत्रं! साहेबांनी वही मिटली.

मी धावत रुळांपलीकडे घरी गेलो. "सुभद्रे! साहेबाला कसंही करून अडकव! काहीतरी खायला दे!"

"जात कोणती?"

"पारशी!"

"मग काळजी सोडा," ती म्हणाली आणि तिने तवा चढवला.

मी साहेबांना घरी आणून ओसरीवर बसवलं. तिथून फलाट स्वच्छ दिसत होता. ओल्या बोंबलाचा पहिला तुकडा पुढ्यात आला आणि साहेबांचा चेहरा पालटला! सुभद्रेची हुशारी अशी की ती एका वेळी एकच बोंबील वाढायची. "दुसरा तव्यावर आहे हं, भावोजी!" भावोजी! रेल्वेच्या साहेबाला!

आणि तेवढ्यात चर्चची घंटा झाली. आठ ठोके! मी मनगटाकडे बघितलं. आठ वाजून एकोणचाळीस मिनिटं! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रेल्वे आणि माझी कंपनी स्टँडर्ड टाईमवर चालत होती, पण चर्चची घंटा पडायची जुन्या मुंबई टाईमवर, पुरी एकोणचाळीस मिनिटं मागे! रोज ऐकलेली घंटा. पण घड्याळ असलेला माणूस घंटेकडे कान कशाला देईल?

दहा मिनिटांत सेलेस्टिन बॅन्ड वाजवत फलाटावर हजर! मागे भाजीच्या टोपल्या घेतलेली एकेचाळीस माणसं! त्यांनी हार आणला होता. साहेब दिसेनात म्हणून तो स्टेशनमास्तरांच्या गळ्यात घातला!

साहेबांनी ओसरीवरूनच बोटाने मोजलं. "एकतालीस. ने पेला बत्रीस. तोंतेर!" त्र्याहत्तर मोजून त्यांनी बोटं चाटली. "तोंतेर एटले सो नै, मिस्टर म्हात्रे."

"कोळणी यायच्यात साहेब!"

"केवारे?" म्हणजे कधी!

मी सुभद्रेकडे बघितलं. तिने नववा बोंबील तव्यावर टाकला. दरम्यान पुढची गाडी आली. भाजी सुकायला नको म्हणून सेलेस्टिनची मंडळी तीत चढली. जाताना त्याने ओरडून विचारलं, "बराबर येलंला आलो ना?" मी ओसरीवरून हात हलवला!

साडेनऊ झाले. दहा झाले. घरातले बोंबील संपले. सुभद्रा शेजारणीकडे मागायला गेली. माझ्या डोळ्यांसमोर पहिली तारीख नाचू लागली. खरं सांगतो, रडू यायचं तेवढं बाकी होतं.

साडेदहाला धाकलीमावशी आली. डोक्यावर पाटी, मागे साठ जणी, आणि पुढे सगळ्यांचा आवाज!

"मावशी! अगं आठ कधीच वाजून गेले!"

"मंग मी काय करू? तूच बोल्लास ना, पानी तिसऱ्या खांबाला लागलं का निंगायचं! आता लागलं! पानी रोज दोन घटका उशिरानं येतं रं! कोळ्याच्या पोटी जलमून तुला येवरं म्हाईत न्हाय? तवाच मना वाटलेलं, पन मॅट्रिकला कोन शिकवील!"

दोन घटका म्हणजे पाऊण तासाहून जास्त, आणि सोमवार ते गुरुवार दिवस तीन! साठ जणी हसल्या. मी खाली मान घातली. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

पण दस्तूरसाहेब हात धुवून पुढे आले. "बाई, तमे रोज किस टाईमपे आते?"

"दर्यात पानी येल तवा होडी येते, होडी आली का आमी येतो. कंदी सकाली, कंदी दुपारी. गाडी पुढं निंगून जाते आनि मासली आमच्या पाटीत मरते, सायेब. रातभर पुरुष जाल्यावर बसतो, आनि आमी पाटी खाडीत रिकामी करून घरा जातो. पोरांना काय सांगू?"

साहेबांनी मावशीच्या पाटीत वाकून बघितलं. मग त्यांनी वही उघडली, काहीतरी लिहिलं, आणि धाकलीमावशीकडून एक पापलेट घेऊन निघून गेले.

महिना संपायला तीन दिवस असताना पत्र आलं. "भाईंदर येथे फास्ट गाडी थांबवण्यास मंजुरी!" अहो, गाव नाचलं! सेलेस्टिनने भरदुपारी घंटा वाजवली, कोळीवाड्यात नारळ फुटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं भाईंदर एकाच वेळी एकाच फलाटावर उभं राहिलं. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यातूनच मी पत्राची दुसरी ओळ वाचली.

गाडी थांबणार होती ती दहा-चाळीसची! साहेबांच्या वहीत सर्वांत मोठी गर्दी साडेदहाची होती ना!

आठ-दहा आजही धूळ उडवून जाते, आणि बाकीचे एकतीस कारकून मला ओळख दाखवत नाहीत. मी पत्र घेऊन कंपनीतल्या माझ्या साहेबापुढे उभा राहिलो. "गाडी थांबली, सर. फक्त जरा उशिराची आहे." तो पाच मिनिटं हसला. मग म्हणाला की संध्याकाळच्या टपालाला आठपर्यंत बसणारा माणूस त्याला हवाच आहे. दुपारी बाराला येत जा!

तेव्हा आता मी रोज साठ पाट्यांच्या मधे बसून दहा-चाळीसने जातो. मासळी वेळेवर दादरला पोचते, मावशीच्या नातवंडांच्या अंगावर नवे कपडे आहेत, आणि कंपनीत माझा मान एकदम वाढलाय. मला स्वतंत्र खोली मिळाली आहे! मोठ्या साहेबाखेरीज अशी खोली फक्त मला! सुभद्रा सगळ्या गावाला सांगत फिरते. मी मात्र तिला अजून सांगितलेलं नाही की कंपनीतल्या सगळ्या कारकुनांनी मिळून तसा लेखी अर्ज केला होता, आणि त्या खोलीच्या चारही खिडक्या कायम उघड्या ठेवायचा हुकूम आहे.