मोकळ्या जागेतली स्प्रिंग

"संध्याकाळच्या आत जसंच्या तसं जोडून देतो," असा शब्द देऊन आरेखकाने बायकोचं शिलाई मशीन खोललं. हे तो अगदी मनापासून बोलला होता. अडचण एवढीच, की त्याने आयुष्यात एकही यंत्र जोडलेलं नव्हतं.

तो पंपांच्या कारखान्यात होता. पंपासोबत जी माहितीपुस्तिका मिळते, तिच्यातली चित्रं तो काढायचा. त्यांत पंपाचा एकेक भाग सुटा होऊन हवेत तरंगत असतो आणि कोणता भाग कुठल्या भोकात जातो ते तुटक रेघ सांगत असते. फिटर पंप खोलून टेबलावर मांडायचा, हा चित्र काढायचा आणि हा चहाला गेला की फिटर पंप जोडून घेऊन जायचा. इतकी वर्षं हेच बघून, यंत्रं आपली आपणच मिटतात, अशी त्याची काहीशी समजूत झाली होती.

त्याचं दुःख वेगळंच होतं. त्याची चित्रं कोणी बघत नसे. लोक खोकं उघडत, पंप काढून घेत आणि पुस्तिका खोक्यासकट फेकून देत. एकदा सासऱ्यांच्या घरी डुगडुगणाऱ्या कपाटाखाली त्याला आपलीच पुस्तिका घडी करून सारलेली दिसली. सासरे म्हणाले, "कागद मात्र जाड वापरता हो तुम्ही!" आजवर मिळालेली दाद ती एवढीच. त्यामुळे बायकोचं शिलाई मशीन ज्या कंपनीचं होतं, तिने तांत्रिक चित्रांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा त्याला वाटलं, बक्षीस मिळो न मिळो, निदान परीक्षकांना तरी चित्र बघावंच लागेल.

"अहो, सोमवारी दवाखान्याचे पडदे द्यायचेत," बायको म्हणाली. "माझी पहिलीच मोठी ऑर्डर आहे."

"अगं, मशीन कुठे जातंय? इथेच आहे."

ते खरं होतं. मशीन तिथेच होतं, फक्त सगळ्या खोलीभर होतं. चादरीवर मांडलेल्या भागांना वळसे घालत दोघं भिंतीच्या कडेकडेने हिंडत होती आणि हा चित्र काढत होता. चित्र सुरेख होत होतं. मात्र दोऱ्याचा ताण सांभाळणारी एक छोटी स्प्रिंग होती, तिच्यापाशी घोडं अडलं. तिची जागा उजवीकडे आणि उजवीकडे आधीच स्क्रूंची जत्रा. डावीकडे कागद ओकाबोका दिसत होता. कारखान्यात असला विचार त्याच्या मनालाही शिवला नसता. पण ही स्पर्धा होती, म्हणजे कलाच. त्याने स्प्रिंग डावीकडे काढली आणि तिच्यापासून निघालेली तुटक रेघ तेल घालायच्या भोकात नेऊन सोडली. चित्राचा तोल कसा छान साधला. प्रदर्शनात लावायला मूळ चित्रच पाठवा, असा नियम असल्याने त्याने ते पाठवूनही दिलं.

मग तो मशीन जोडायला बसला. एकेका भोकासाठी चार-चार स्क्रू उमेदवार होते. चित्राचा फोटो त्याने काढून ठेवला होता, पण त्यात चित्रापेक्षा त्याचीच सावली जास्त आली होती. दोन दिवस असेच गेले, तेव्हा कारखान्यातल्या फिटरला बोलावणं गेलं. त्याने चादरीभोवती एक फेरी मारली.

"साहेब, पंप असता तर डोळे मिटून जोडला असता. ह्यात पाणी कुठून येतं?"

"ह्यात पाणी येत नाही."

"मग माझं काम नाही. तुम्ही चित्र काढलंय ना? बघून जोडा की."

"चित्र प्रदर्शनात लागलंय."

"मग प्रदर्शनात जा," फिटर म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला.

बायकोने सगळे भाग पिशवीत भरले आणि पिशवी त्याच्या हातात देऊन ती प्रदर्शनाकडे निघाली.

प्रदर्शनाच्या दालनात चित्राखालीच तिने बैठक मारली. ती मान वर करी, तुटक रेघेवरून नजर नेई, मान खाली घाली आणि स्क्रू पिळी. आपलं चित्र कोणी इतकं निरखून बघताना आरेखक पहिल्यांदाच पाहत होता. पडद्यांची काळजी बाजूला राहून त्याचा ऊर भरून आला. बघ्यांची गर्दी जमली आणि गर्दी बघून परीक्षकही आले.

"वा! चित्रावरून थेट जोडणी!" मुख्य परीक्षक म्हणाले. "शंभर टक्के अचूक, लिहा. आणि ही डावीकडची स्प्रिंग बघा, काय डौल आहे! पहिलं बक्षीस." बाकीच्या परीक्षकांनी सह्या केल्या.

तेवढ्यात बायकोने ती स्प्रिंग तेलाच्या भोकात दाबून बसवली आणि हाताने चाक फिरवलं. दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला.

"अहो," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "ही स्प्रिंग नक्की डावीकडेच ना?"

हो म्हणावं तर पडदे बुडाले, नाही म्हणावं तर बक्षीस. त्याने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा तिच्या तेलकट बोटांकडे.

"नाही," तो म्हणाला. "उजवीकडे. चित्र चुकलंय. मीच चुकवलंय. तिथे जागा मोकळी दिसत होती."

बायकोने स्प्रिंग उजवीकडे बसवली, रुमालावर सरळ टीप मारून पाहिली आणि मशीन उचललं. तिचं काम झालं होतं.

"म्हणजे मशीन चुकलंय," मुख्य परीक्षक म्हणाले.

"नाही साहेब, चित्र."

"अहो, चित्र अचूक असल्याचं आम्ही लिहून दिलंय. सह्या झाल्यात. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील, हा नियम आहे. मशीनबद्दल नियमात काहीही नाही."

अशा रीतीने, नको नको म्हणत असताना त्याला पहिलं बक्षीस मिळालं. पडदे सोमवारी वेळेत गेले. कंपनीने ते चित्र नव्या मशीनच्या पुस्तिकेत छापलं आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की पुस्तिका आणि मशीन जुळत नाहीत. पुस्तिका छापून झाल्या होत्या. मशीनं अजून व्हायची होती. तेव्हा कंपनीने शहाणपणाने मशीन बदललं.

त्यातलं पहिलं मशीन बक्षीस म्हणून आरेखकाच्या घरी आलं. ते कुरकुरायचं आणि दर वितीला दोरा तोडायचं. कंपनीचा कारागीर आला, झाकण काढून आत डोकावला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "कोणत्या शहाण्याने ही स्प्रिंग इथे आणली?"

आतल्या खोलीत आरेखक दाराआड सरकला. आता बायको नाव घेणार, यात त्याला शंका नव्हती.

"नीट बोला," बायको म्हणाली. "चित्रात आहे तिथेच आहे ती. आणि चित्र अचूक आहे. तुमच्याच कंपनीने बक्षीस दिलंय त्याला."

कारागिराने खोक्यातून पुस्तिका काढली, पान उलगडलं आणि तुटक रेघेवरून सावकाश बोट फिरवलं.

"चुकीचं आहे," तो शेवटी म्हणाला, "पण काढलंय मात्र झकास हो!"

आरेखक बाहेर आला आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला. "हे उजवीकडचे स्क्रूही बघा ना," तो म्हणाला. बायकोने जुन्या मशीनवरचं झाकण काढलं आणि राहिलेली टीप मारायला घेतली.