काकांचं लढाईचं रान

९ जून. काम: व्यंकटरावकाकांची सही आणणे.

व्यंकटरावकाकांच्या शेतात चप्पल घालून पाय ठेवता येत नाही. तिथं देऊळ नाही, समाधी नाही, शेंदूर फासलेला साधा दगडही नाही. तरी बांधावर चपला काढायच्या आणि मांजरासारखं चालायचं. जरा टाच आपटली की मागून आवाज येतो, "हळू गे, खाली माणसं आहेत!"

खालची माणसं म्हणजे कुठल्याशा लढाईत पडलेले आपले मराठे शिपाई. आजोबांनी विहीर खणायला घेतली तेव्हा तिथं हाडं निघाली, घोड्याच्या लगामाची गंजलेली कडी निघाली. आजोबांनी खड्डा बुजवला आणि त्या दिवसापासून त्या जमिनीला ना कुदळ लागली ना नांगर. लढाई कोणाची कोणाशी, हे मी काकांना चारदा विचारलं आणि चार निरनिराळी उत्तरं मिळाली. पाचव्यांदा चिडले. "नाव घेऊन काय करतीस? मेले ते खरे ना!"

काका कुंभकोणम्‌च्या एका शाळेत ड्रिल मास्तर होते. निवृत्तीनंतर मुलं सुटली, शिट्टी राहिली. तिरुवलंचुळीच्या विनायकाच्या दर्शनाला आमच्याकडचे कोणी पाहुणे आले की परतताना काका त्यांना शेतात वळवतात आणि एका रांगेत उभं करतात. "ही डावी फळी. इथं तोफ चिखलात रुतली. तो ताड दिसतो? तिकडं शत्रू."

भोवती सगळीकडे चिखलणी केलेली भाताची वावरं आणि मध्ये हे एवढं झुडपांचं बेट. तरवड, बोरी, ताड, कमरेइतकं गवत. बाकी ठिकाणी ज्यांना जागा उरली नाही ते सगळे इथं राहायला आले आहेत: ससे, मुंगसं, घुबडं, मोर. आसपासचे लोक त्याला सण्डैक्काडु म्हणतात, म्हणजे लढाईचं रान. पण रान राखल्याबद्दल काकांचं कौतुक केलं तर ते खवळतात. "मी काय माळी आहे? झाड उपटलं की मुळाबरोबर कुणाची बरगडी वर येईल, म्हणून ठेवलीत!" मोरांना ते घुसखोर म्हणतात. एकदा कॉलेजच्या मुली पक्षी मोजायला आल्या. काकांनी त्यांना तासभर लढाई सांगितली आणि त्या तासभर दुर्बिणीतून ताडाकडे बघत राहिल्या. काका भलतेच खूश. "शत्रूवर अशी नजर आजवर कुणी ठेवली नव्हती!"

शेजारचा शेतकरी शेल्वम आधी या रानाला शिव्या घालायचा. परवा मला म्हणाला, "अक्का, तिथली घुबडं माझ्या वावरातले उंदीर खातात. मी विष ठेवणं सोडलं."

जमीन तिघांची. काकांची, माझ्या चुलतभाऊ गोपाळदादाची आणि वडिलांमागे माझी. दादानं प्लॉट पाडणारा एक माणूस गाठला होता. दादाची सही झालेली. काकांची झाली की मी करणार होते. मला हरकत नव्हती. तिरुभुवनम्‌च्या दुकानात मी दिवसभर रेशमी साड्या उलगडते आणि पुन्हा घडी घालते. गेलेल्या शिपायांवर पहारा करायला मला सवड नाही.

काकांनी कागद उभ्याउभ्या वाचला.

"मशीन किती खोल जाईल?"

"कमरेइतकं."

"म्हणजे सगळे वर येतील."

"हाडं आली तर विधी करून कावेरीत सोडू. तेही सुटतील आणि तुम्हीही."

काकांनी कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. एक फेरी मारून येऊ. मग पेन दे."

फेरी नेहमीसारखी सुरू झाली. डावी फळी, तोफ, ताड. मग एका उघड्या, टणक जागेपाशी काकांनी भला मोठा वळसा घेतला. मला उशीर होत होता. मी सरळ निघाले.

"थांब!" काका कुजबुजले. ड्रिल मास्तर कुजबुजताना मी पहिल्यांदा ऐकला.

"इथं सरदार पडला का?"

"इथं कुणी पडलं नाही. पायाशी बघ."

माझ्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर मातीच्या रंगाची चार अंडी होती. तेवढ्यात टिटवी आली आणि आमच्या डोक्यावरून घिरट्या घालत असा काही कल्ला केला की मी मागे सरले. काका मात्र हेडमास्तरांपुढं उभ्या राहिलेल्या पोरासारखे मान खाली घालून उभे.

"रोज असंच करते," ते म्हणाले. "इकडं का आलास, तिथं का उभा, जा घरी. तुझी काकू गेल्यापासून मला ओरडणारं दुसरं कोण आहे, सांग."

टिटवी दमून बांधावर बसली. काकांनी हात पुढं केला. "दे पेन. तुम्ही दोघं म्हणताय तर मी एकटा काय धरून बसू?"

"पेन घरी राहिलं," मी म्हटलं.

पेन माझ्या पर्सला अडकवलेलं होतं. काकांनी ते पाहिलं, मग ताडाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी मी दादाच्या घरी गेले आणि कागद त्याच्या हातात दिला.

"काकांची सही?"

"नाही. माझीही नाही. मी करणार नाही."

"तुलाही लढाईचं वेड लागलं का गे?"

"घुबडं उंदीर खातात," मी म्हटलं आणि निघाले.

तिरुभुवनम्‌ची बस यायला वेळ होता. थांब्यावर उभी राहून मी काकांना फोन लावला. काल धोतर फाटलेलं होतं, ते कुणी शिवायचं? या वयात उन्हात टोपीशिवाय कशाला फिरता? सकाळपासून पोटात काही गेलं का, की पुन्हा नुसती कॉफी? मी चांगली वरच्या पट्टीत बोलत होते. थांब्यावरची माणसं बघायला लागली. बस आली तेव्हा काका म्हणाले, "उद्या फोन किती वाजता करशील?"

"सातला," मी म्हटलं आणि बसमध्ये चढले.