ढोमणे काका ओढून नेतात

ढोमणे काका माणसाचं नाव विचारायच्या आधी वजन विचारतात.

आम्ही रायपुरात भनपुरीला राहायला आलो त्या दिवशी आई दारात सामान उतरवून घेत होती. समोरच्या घरातून एक उंच, थोडे वाकलेले गृहस्थ आले, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार वहिनी. घरात माणसं किती, आन् सगळ्यांचं मिळून वजन किती?" आईला वाटलं, जनगणनेवाले आहेत. तिने धावत जाऊन रेशनकार्ड आणलं. काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि नाराजीने परत दिलं. "याच्यात तर वजन लिहूनच नाही राहत."

नंतर कळलं की काकांकडे एक पिकअप आहे आणि पाऱ्यातला, म्हणजे आमच्या वस्तीतला, प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यात बसणार, असं काकांनी गृहीत धरलेलं आहे. म्हणून आधीच माहिती काढून ठेवायची. त्यांच्या अंगणात एका बंद पडलेल्या किराणा दुकानातला जमिनीवरचा वजनकाटा आहे. गाडीत बसायचं असेल तर आधी त्यावर उभं राहायचं. बायका लाजतात. काका म्हणतात, "मी कोणाले सांगत नाही, वहिनी. फक्त गाडीले सांगतो."

ती गाडी पांढरी, छोटी, पुढे तिघांची सीट आणि मागे उघडा हौदा. इंजिन तीन सिलिंडरचं, पण टर्बोवालं. भनपुरीत दहा-दहा, बारा-बारा चाकांचे ट्रक उभे असतात. त्यांच्यामध्ये काकांची पिकअप म्हणजे म्हशींच्या कळपात शिरलेली शेळी. ट्रकवाले चिडवायचे, "अंकल, इसमें इंजन है कि सिलाई मशीन?" काका शांतपणे उत्तर द्यायचे, "सिलाई मशीन ही है बेटा. जिस दिन तेरा फटेगा, उस दिन बुला लेना."

आणि लोक खरंच बोलावायचे. कोणाचा ऑटो रिंग रोडवर बंद पडे, कोणाची जुनी कार उरला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या वळणावर रुसून बसे. काका दोन गाड्या जोडायची दांडी घेऊन निघत. ही लोखंडी दांडी त्यांनी उरलाच्या एका वेल्डरकडे समोर उभं राहून करून घेतली होती. रेल्वेत असताना त्यांनी जन्मभर मालगाडीचे डबे जोडले. त्यामुळे दोन गाड्या जोडताना त्यांचा चेहरा लग्न लावणाऱ्या भटजीसारखा होतो. जोडलं की दोनदा हलवून बघतात आणि म्हणतात, "आता सुटत नाही." ट्रक मात्र कधी ओढला नाही. "आपली औकात आपल्याले किलोत माहीत पाहिजे," असं त्यांचं म्हणणं.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. त्यामुळे कुठलीही अडचण आली की सगळे माझ्याकडे बघतात, आणि मला बहुधा काही येत नसतं. काकांनीही पहिल्याच आठवड्यात परीक्षा घेतली.

"सांग बरं कॉलेजवाली, टर्बो म्हणजे काय?"

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. खाली मान घालून म्हणाले, "अजून शिकवलं नाही."

"शिकवतही नाही ते. ऐक. इंजिन धूर फेकून देते. सगळे तो वाया घालवते. टर्बो त्या धुराच्या जोरावर पंखा फिरवते, आन् पंखा इंजिनात हवा कोंबते. म्हणून लहान इंजिन मोठ्यासारखं ओढते. समजलं? टाकून दिलेल्याच्या जोरावर."

समजलं. त्या वर्षी मला नीट समजलेली ती पहिली गोष्ट.

या टर्बोपायी काका घरी आले तरी लगेच खाली उतरत नाहीत. दारासमोर गाडी चालू ठेवून दोन-तीन मिनिटं तसेच बसून राहतात. "धावून आल्यावर तू लगेच झोपते का? पंखा फिरून राहिला अजून. त्याले दम घेऊ दे." काकू गेल्याला बरीच वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला असतो, त्यामुळे घरात चहा थंड होतोय म्हणून हाक मारणारं कोणी नाही. पाऱ्यातली पोरं मात्र आवाज ऐकून ओरडतात, "काकाचा टर्बो दम घेऊन राहिला!"

आता मुख्य गोष्ट सांगते.

बाबा उरलाच्या रोलिंग मिलमध्ये होते. त्या वर्षी तिथे कामाच्या पाळ्या कमी झाल्या आणि आठवड्यातले तीन दिवस बाबा घरी बसू लागले. माझ्या कॉलेजचं पुढे काय, हे कोणी बोलत नव्हतं, पण जेवताना ते ताटाच्या बाजूला येऊन बसायचं. तेवढ्यात आईला नवा रायपुरला, म्हणजे नव्या राजधानीत, जागा मिळाली. सरकारी इमारतींजवळ पोहे-चहाची गाडी लावायची जागा. आईने कितीतरी अर्ज केले होते. आम्ही दोन चाकांचं एक जुनं पत्र्याचं बंद गाडं घेतलं, बाबांनी त्याला निळा रंग दिला. जागेच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: ठरल्या दिवशी सकाळी दहापर्यंत गाडं जागेवर उभं पाहिजे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

"ओढून कोण नेईल?" आईने विचारलं. बाबांनी समोरच्या घराकडे पाहिलं.

आदल्या संध्याकाळी काकांनी आमचं गाडं तपासायला घेतलं. शेगडी, सिलिंडर, कढई, भांड्यांचं पोतं, एकेक वस्तू काट्यावर चढली. मग गाड्याच्या आत खडूने चौकोन काढून कुठे काय ठेवायचं ते लिहिलं. शेवटी गाड्याचं पुढचं टोक, म्हणजे जिथे दांडी जोडतात ते, काट्यावर टेकवलं.

"ओढायच्या गाड्याचं नाक जड पाहिजे आन् शेपूट हलकी," काका म्हणाले. "सगळ्या वजनाचा दहावा हिस्सा नाकावर. शेपूट जड झाली का गाडं नाचते. एकदा नाचलं का मंग ओढणाऱ्यालेच घेऊन पडते."

सकाळी आईने गाड्याची पूजा केली. आता आमच्या पाऱ्यात रीत अशी की कोणी नवा धंदा सुरू केला तर प्रत्येक घरातून काहीतरी त्यात घालायचं, रिकाम्या हाताने निरोप द्यायचा नाही. काका टायरची हवा बघत होते, तेवढ्यात अख्खा पारा आला. कोणी तांदळाचं पोतं, कोणी कोहळा, कोणी नारळांची पिशवी. शेजारच्या देशमुख काकूंनी तर आपला पाटा-वरवंटा दिला, "चटणी मिक्सरची नको करू माय." सगळं मागच्या दारातून आत गेलं, कारण गाड्याला दार तेवढं एकच. बाबा पहाटे पाळीवर गेले होते, पण जाण्याआधी त्यांनी मागे ठेवलेला पाण्याचा मोठा ड्रम काठोकाठ भरून ठेवला होता. पहिल्याच दिवशी आईला पाण्यासाठी वणवण नको म्हणून.

काका उठून म्हणाले, "एकदा नाक पुन्हा मोजू द्या."

आई म्हणाली, "भाऊ, मुहूर्त टळून राहिला. साडेआठच्या आत निघायचं आहे."

काकांनी घड्याळाकडे पाहिलं, आईच्या नव्या साडीकडे पाहिलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा न मोजता गाडीत बसले.

शहर ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. नवा रायपुरचा रस्ता लागला. रुंद, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना मोकळं माळरान. आईला धीर निघेना. "थोडी जोरात घ्या ना भाऊ." काकांनी पाय दाबला. ही गाडी पाय दाबल्यावर क्षणभर विचार करते आणि मग एकदम ओढते. तशी तिने ओढली, आणि मागून कोणीतरी आमची सीट धरून डावीकडे ढकलल्यासारखं झालं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, अधिक जोरात. आरशात आमचं निळं गाडं मिरवणुकीतल्यासारखं नाचत होतं.

आई देवाचं नाव घेऊ लागली. मी ओरडले, "काका, ब्रेक!"

"ब्रेक नाही." काकांचा आवाज अगदी हळू होता. "वहिनी, जरा चूप. गाडी ऐकून राहिलो."

त्यांनी स्टिअरिंग घट्ट, सरळ धरून ठेवलं आणि पाय फक्त उचलला. वेग उतरत गेला. पन्नास, चाळीस, तीस. गाड्याचा नाच मंदावला. आम्ही कडेला थांबलो. काकांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले आणि मांडीवर ठेवले.

मागचं दार उघडलं. पारा सगळा शेपटीत बसला होता. कोहळा पाट्यावर, पाटा पोत्यावर, आणि काठोकाठ ड्रम हेलकावे खात.

आई रडायलाच लागली. "माझंच चुकलं भाऊ. मीच घाई केली."

"तुम्ही कायले? मोजणारा मी आहे ना? मोजलं काहून नाही मी?" काका स्वतःवरच चिडले होते. "चाल पोट्टी, पोतं पुढं घे."

तांदूळ, नारळ, कोहळा आम्ही पुढे ओढले. पाटा-वरवंटा काकांनी स्वतः उचलून पिकअपच्या हौद्यात निजवला. ड्रम मात्र हलेना. तो रिकामा करायलाच हवा होता. आई म्हणाली, "त्यांनी पहाटे उठून भरला आहे हो." काका म्हणाले, "फेकायचं नाही. देऊन टाकू." दुभाजकावर नवीन राजधानीची नवीन झाडं उभी होती, गुडघ्याएवढी, तहानलेली. आम्ही तिघांनी बादलीने त्यांना पाणी घातलं. सव्वानऊ वाजून गेले होते आणि आई नव्या साडीत धावत धावत झाडांना पाणी घालत होती. बाजूने जाणाऱ्या कारमधून एका माणसाने आदराने हात जोडले. सरकारी योजना वाटली असेल.

पुन्हा निघालो. काकांनी वेगाचा काटा चाळिसाच्या वर जाऊ दिला नाही. आई दर मिनिटाला माझ्या मनगटावरचं घड्याळ बघे.

"भाऊ, टर्बो आहे ना याले?"

"टर्बो ओढायले आहे वहिनी, पळायले नाही."

पुढे पुलाचा चढ लागला. तिथे मात्र काकांनी पाय दाबला, इंजिनाने बारीक शीळ घातली, आणि तीन सिलिंडरची ती सिलाई मशीन आमचा सगळा संसार घेऊन न कुरकुरता वर चढली. आईने पहिल्यांदा डॅशबोर्डवर हात ठेवला. नमस्कारासारखाच, पण तो देवासाठी नव्हता.

दहाला पाच कमी असताना पोचलो. जागा पांढऱ्या रंगाने आखलेली होती आणि गाडं मागे मागे घेत त्यात बसवायचं होतं. मला मागे उभं केलं. मी हळूच म्हणाले, "डावीकडे, काका."

"ऐकू नाही येत! कॉलेजात असंच बोलते का? पोट भरून बोल!"

"डावीकडे! डावीकडे! बस! बस!!" मी एवढी ओरडले की दोन पहारेकरी धावत आले. गाडं बरोबर रेषांच्या आत होतं. त्यातल्या एकाला आईने धापा टाकत विचारलं, "भैया, चेक करनेवाले साहब कहाँ हैं? दस तो बज गए."

पहारेकरी हसला. "दीदी, साहब साढ़े ग्यारह से पहले कहाँ आते हैं?"

आई तिथेच फुटपाथवर बसली आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. गेल्या कित्येक महिन्यांत आम्ही दोघी अशा हसलो नव्हतो. साहेब आले ते पावणेबाराला. त्यांनी कागदावर सही केली, पोहे खाल्ले आणि चटणी पुन्हा मागितली.

जागा आमची झाली. आता गाडं तिथेच राहणार होतं, रोज न्यायचं-आणायचं नव्हतं. काकांनी दांडी सोडवली. मग चाकांखाली विटा लावल्या, त्या तपासल्या, पुन्हा काढून लावल्या. आईने दिलेला चहा उभ्या उभ्याच घेतला. मग दांडी फडक्याने पुसत बसले. ती स्वच्छच होती.

मी जवळ जाऊन विचारलं, "काका, कोणाच्याही गाड्या इतक्या लांब ओढून नेता. कंटाळा नाही येत?"

"कंटाळा कायचा?" ते दांडीकडे बघतच म्हणाले. "ज्याची गाडी बंद पडते ना, तो माणूस माह्या शेजारी बसते. त्याले कुठं जाताच नाही येत. बोलावं लागते बिचाऱ्याले माह्याशी." आणि हसले. मग पिकअपच्या रिकाम्या हुकाकडे पाहून म्हणाले, "तुमचं तर आता जागेवर लागलं. बेस झालं."

दुपारी माझं प्रॅक्टिकल होतं. समोरच्या थांब्यावर शहरात जाणारी बस येऊन उभी राहिली. इकडे बस तासाला एखादी. काका म्हणाले, "जा, पळ. तुही बस आली."

मी बसकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं.

"ती शहरात नाही जात, काका," मी म्हणाले. "तुमच्यासंगच येते."

"हव? खरंच?" त्यांनी विचारलं.

"हव."

त्यांनी आतून दार उघडून दिलं, सीटवरचा खडूचा डाग हाताने पुसला, आणि मी बसायच्या आधीच मालगाडीचा डबा उतारावर एकटाच निघाला होता त्याची गोष्ट सुरू केली. जरा वेळाने ती बस मागून आली आणि आम्हाला ओलांडून गेली. मागच्या काचेवर हातभर अक्षरांत माझ्या कॉलेजच्या चौकाचं नाव लिहिलं होतं. काकांनी ते वाचलं. मीही वाचलं. गोष्ट न थांबवता त्यांनी गाडी आणखी थोडी हळू केली.