कँटरबरीची वाट आणि शेवटचं षटक

विंचेस्टरहून कँटरबरीला पायी जाणारे मी खूप बघितलेत. पण शेकडो वर्षं यात्रेकरू तिथल्या मोठ्या चर्चच्या दर्शनाला ज्या वाटेनं गेले, त्या वाटेवरून एक पाऊलही न ढळता जाणारा माणूस आमच्या खानदानात मीच! माझा मेहुणा सिरिल गेल्या वर्षी निघाला आणि पाय दुखले म्हणून मध्येच बसमध्ये चढला. दर रविवारच्या जेवणात मी त्याला ती बस वाढली. त्यामुळे यंदा माझं एक पाऊल जरी चुकलं असतं, तरी सिरिलनं मला सुखानं जगू दिलं नसतं.

केंट परगण्यात शिरेपर्यंत सगळं चोख झालं. चिखल तुडवला, काटेरी कुंपणात विजार फाडली, एका गायीशी वाद घातला. मग एका गावात वाट थेट क्रिकेटच्या मैदानात घुसली. निदान माझ्या आजोबांच्या नकाशात तरी घुसत होती.

"फाटकावरचा बाण कडेनं जा म्हणतोय," बरोबर चालणारी बायको म्हणाली. ऑड्रीचा पाट्यांवर फार विश्वास.

"तो या खेळाडूंनीच लावला असणार," मी म्हणालो आणि सरळ आत शिरलो. ती सीमारेषेच्या कडेनं निघाली.

शेवटचं षटक चालू होतं. यजमानांना चार धावा हव्या होत्या, आणि शेजारच्या गावाला त्यांनी म्हणे कित्येक वर्षांत हरवलं नव्हतं. फलंदाजी करणारे कप्तान मिस्टर टॅपसेल टोपी काढून माझ्याकडे आले. जरा थांबाल का, किंवा कडेनं जाल का, असं त्यांनी इतक्या अदबीनं विचारलं, की मला चेवच चढला. खेळपट्टीच्या मधोमध काठी रोवून मी भाषण ठोकलं. राजे आले नि गेले, वाट राहिली, यात्रेकरूंचा हक्क, क्रिकेट म्हणजे कालचं पोर! दोन्ही संघ टोप्या हातात घेऊन ऐकत होते. पंचांनी तर मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो!

तेवढ्यात मुसळधार पाऊस आला आणि सामना रद्द झाला.

पॅव्हेलियनमध्ये मला कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. चहा दिला, काकडीची सँडविचं दिली, केक दिला. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं! शेवटी गुणफलक सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मिसेस डंक सहज म्हणाल्या, की वाट पूर्वी मैदानातूनच जायची. पण त्या लहान असतानाच ती रीतसर कायद्यानं कडेनं वळवली.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतकं मनापासून बोलत होतात," टॅपसेल म्हणाले. "मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं."

आमचे इंग्रज लोक हे असे! हातातला सामना घालवतील, पण अनोळखी माणसाला चुकलात म्हणणार नाहीत.

म्हणजे सबंध वाटेत माझी पावलं चुकली ती फक्त इथं, आणि ऑड्रीचं एकही चुकलं नव्हतं. ती कोरड्या बाकावर बसून केकचा दुसरा तुकडा खात होती आणि माझ्याकडे बघून गोड हसत होती. सिरिल तिचा सख्खा भाऊ.

मी उठलो. फाटकापाशी परत गेलो आणि भर पावसात, बाण दाखवत होता तसा, सीमारेषेच्या कडेनं एकटाच चालायला लागलो. दोन्ही संघ चहाचे कप घेऊन बघत उभे होते. अर्ध्यावर पोचलो, तेव्हा टॅपसेलनी तोंडाभोवती हात धरून अगदी आपुलकीनं हाक मारली.

"आता मधून गेलात तरी चालेल हो. खेळ थांबलाय."