खऱ्या कुत्र्यासाठी हाड

कुत्र्याला हाड कसं द्यावं, हे चिविलकोय गावात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही, असं मी काही आठवड्यांपूर्वीच्या एका शनिवारपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. हाड कच्चंच हवं. शिजवलेल्याच्या कपच्या उडतात आणि आतडी फाडतात. कुत्र्याच्या तोंडापेक्षा मोठं हवं. आणि तो चावत असेपर्यंत आपण समोरून हलायचं नाही! हे सगळं मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं.

कारण सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या आणि त्यांचा तीन वर्षांचा कुत्रा, कर्नल, माझ्या हवाली होता. "जावईबापू, माझा जीव तुमच्यापाशी ठेवून चाललेय," एवढंच त्या म्हणाल्या. राजधानी सोडून मी या गावात येऊन आठ महिने झाले होते. त्या बाईंनी मला पहिल्यांदाच कशाच्या तरी लायकीचं मानलं होतं! त्या शनिवारी पाचच्या बसने त्या परत येणार होत्या. म्हटलं, कर्नलला अशी मेजवानी देऊ की तो त्यांच्यापाशी माझं गुणगानच करेल.

"रुफिनोदादा, कुत्र्यासाठी एक हाड द्या!" खाटकाच्या दुकानात शिरताच मी खणखणीत आवाजात म्हटलं.

दुकानातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. रुफिनो पुढे वाकला. "हळू बोला, बापू. कुत्रा किती माणसांचा आहे?"

आता हा काय प्रश्न झाला! "तिघांचा. मी, माझी बायको नेलिदा आणि सासूबाई."

"कळलं." त्याने नळीचं जाडजूड हाड करवतीखाली धरलं.

"अहो, अख्खंच द्या!"

"अख्खं मावायचं नाही."

"मावेल हो! त्याचं तोंड केवढं मोठं आहे!"

"लाजू नका, बापू. वेळ सगळ्यांवर येते," म्हणत त्याने सर्रकन चार गोल चकत्या पाडल्या, वर भरपूर मांस ठेवलं. पैसे काही केल्या घेईना!

रांगेत मागे उभ्या असलेल्या ओफेलियाबाईंनी विचारलं, "कुत्र्याला गाजर चालतं का हो?"

"आवडीने खातो!"

"आणि भोपळा?"

"भोपळ्यावर तर जीव टाकतो!"

घरी पोचलो तेव्हा माझ्या दोन्ही हातांत लोकांनी दिलेल्या भाजीच्या पिशव्या होत्या. केवढं हे प्राणिप्रेमी गाव! माझे डोळे भरून आले. अंगणात कर्नलला एक चकती दिली आणि ही गंमत नेलिदाला सांगायला मी आत गेलो. हो, समोरून हललो. कागद आत फ्रिजवर होता ना!

नेलिदाने कपाळावर हात मारला. "अहो, या गावात 'कुत्र्यासाठी हाड' कोण मागतं, माहीत आहे? ज्याच्या घरात खायला नसतं तो! स्वतःसाठी मागायची लाज वाटते, म्हणून कुत्र्याचं नाव! मग रुफिनो सुपासाठी चकत्या कापून देतो!"

"म्हणजे दुकानात सगळ्यांना वाटलं..."

"की तुम्ही माझ्या आईला उपाशी ठेवताय!"

तेवढ्यात अंगणातून किंकाळी आली. कर्नलने मधला मगज चाटून संपवला होता आणि ती पोकळ चकती त्याच्या खालच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागे, बांगडीसारखी अडकली होती! तेल लावलं, लोणी लावलं, साबण लावला. चकती जागची हलेना. कुत्रा सोडून सगळं घर गुळगुळीत झालं! डॉक्टर दूरच्या शेतावर गाईच्या बाळंतपणात अडकले होते. फोनवर ओरडले, "ओढू नका! हाड कापायची करवत कोणाकडे आहे का बघा, खाली चमचा घाला, सावकाश कापा!"

चार वाजून गेले होते. कर्नल लाळ गाळत माझ्याकडे बघत होता आणि मला रडू कोसळलं. खरंच सांगतो!

दारावर टकटक झाली. रुफिनो आणि ओफेलियाबाई. रुफिनोने पुडकं पुढे केलं. "हे आणखी थोडं, कुत्र्यासा..." त्याचं लक्ष अंगणात गेलं. "अगं आई गं! हा तर खरोखरचा कुत्रा!"

तो धावत जाऊन बारीक करवत घेऊन आला. नेलिदाने कर्नलचं डोकं मांडीत धरलं, मी चमच्याचा दांडा चकतीखाली सरकवला, ओफेलियाबाई त्याच्या कानात अंगाई म्हणू लागल्या. रुफिनो मात्र श्वास रोखून कापत होता. कट्! चकती दुभंगली. कर्नलने पहिलं काय केलं, तर रुफिनोचं तोंड चाटलं. दुसरं चाटण मी केलं असतं, पण नेलिदाने मागे ओढलं. "दादा, तुमचे उपकार कसे फेडू!" एवढंच मला म्हणता आलं.

"काय झालं?" दारात सासूबाई उभ्या!

मी सगळं कबूल केलं. कर्नलला कुरवाळत त्यांनी ऐकून घेतलं, मग भाजीच्या पिशव्यांकडे पाहिलं, मग रुफिनोकडे.

"जावईबापू, दर गुरुवारी माझं सूप तुम्ही बोटं चाटून खाता ना? नेलिदाचे वडील गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. तेव्हापासून मी याच्याकडे कुत्र्यासाठी हाड मागतेय. कर्नल तर आत्ता तीन वर्षांपूर्वी आला."

नेलिदा आईकडे बघतच राहिली. रुफिनोने मान खाली घालून करवत पुसायला घेतली. "तुमचा कुत्रा गुणी निघाला, ताई," तो म्हणाला. "शाळेत पहिला यायचा."

त्या संध्याकाळी त्या गाजर-भोपळ्याचं सूप आम्ही पाच जणांनी मिळून प्यायलं.

आता दर शनिवारी मी दुकानात स्पष्ट सांगतो, "अख्खं हाड द्या, खऱ्या कुत्र्यासाठी!" रुफिनो गुडघ्याचं भलंमोठं हाड देतो आणि बरोबर चकत्यांचं एक पुडकंही सरकवतो, "आणि हे तुमच्या घरातल्या दुसऱ्यासाठी."

मी मुकाट्याने घेतो. शेपूट असती तर हलवली असती!