केशवरावांच्या चार्जमधली भिंत

एक भेग बुजवावी की नाही, एवढाच प्रश्न होता. केशवरावांनी ती बुजवून घेतली आणि तिथून सगळं बिघडलं.

अमरावतीच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाल्यावर त्यांना सेमाडोहच्याही वर, डोंगरावरच्या एका कलाकेंद्रात केअरटेकरची नोकरी लागली. राहायला क्वार्टर फुकट, आणि भर मे महिन्यात रात्री पांघरूण लागायचं. खाली अमरावतीत त्यांचा साळा श्याम डोक्यावर ओला पंचा घेऊन कूलरसमोर बसलेला असे. त्याला फोन करून "आमाले तं इथं थंडी वाजून राह्यली बाप्पा!" असं सांगणं हे केशवरावांच्या म्हातारपणाचं एकमेव सुख होतं. (रेंज फक्त टेकडीच्या टोकावर यायची. त्या सुखासाठी ते रोज धापा टाकत चढत.)

सांभाळायला कलाकृती एकच. मुंबईच्या रागिणी मॅडमनी माती, शेण आणि कडबा कालवून क्वार्टरसमोर उभारलेली पुरुषभर उंच भिंत. नाव 'क्षय'. जाताना मॅडमनी बजावलं होतं, "हिला अजिबात हात लावायचा नाही. ऊन-पाऊस तिला हळूहळू संपवतील. ते संपणं हीच कला."

केशवरावांनी मान डोलावली. पण सरकारी नोकरीत ते एक गोष्ट पक्की शिकले होते. तोंडी सांगणारा साहेब बदलून जातो आणि मोडलेल्या खुर्चीचा खुलासा क्लार्कलाच द्यावा लागतो. आपल्या चार्जमधली वस्तू पडू द्यायची नाही! क्वार्टरचं प्लास्टर गळत होतं, भिंतीतून पिंपळ उगवला होता, पण ते ठेकेदाराचं काम. तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मातीच्या भिंतीला मात्र पहिली भेग दिसली आणि त्यांनी बायकोला, माणिकबाईंना, हाक मारली.

"अवो, दिवाई आली," माणिकबाई म्हणाल्या. "दारासमोर उललेली भिंत! लोकं काय म्हनतीन?"

(लोकं म्हणजे चार माकडं आणि अधूनमधून एखादं अस्वल.)

माणिकबाईंनी पदर खोचला आणि भिंत लिंपून काढली. मग वरून पांढऱ्या मातीचा पोतारा दिला. पावसाळ्यात ताडपत्री घातली. पुढच्या दिवाळीला खाली गेरूचा पट्टा आला, त्यावर लक्ष्मीची पावलं आली. दोन-तीन वर्षांत भिंत अशी खणखणीत झाली की केशवराव येता-जाता तिला थापटत आणि खूश होत.

आणि एक दिवस टेकडीवर मॅडमचा फोन आला.

"उद्या सकाळी पाहुण्यांना घेऊन येतेय. संपलीच असेल ना जवळजवळ?"

केशवरावांनी फोन बंद केला. डोळ्यांपुढे श्यामचा कूलर आला. त्याच्या शेजारी एक खुर्ची, खुर्चीवर आपण, आणि श्याम विचारतोय, "काहो भाऊजी, थंडी नाई वाजत आता?"

उजाडताच त्यांनी भिंतीवर बादल्या ओतल्या. पाणी पोताऱ्यावरून ओघळून गेलं. लाथ मारली, तर अंगठा सुजला. शेवटी ते सब्बल (म्हणजे पहार) घेऊन आले, तर माणिकबाई आडव्या.

"काहून पाडता? हात मोडले माये लिपून लिपून!"

"नोकरी जाईन, माणिक! श्यामच्या घरी राहा लागन!"

भावजयीची आठवण होताच माणिकबाई मुकाट्यानं बाजूला झाल्या. केशवरावांनी सब्बल हाणली. ती भिंतीवरून उसळली आणि केशवराव आपणच ओतलेल्या पाण्याच्या चिखलात उताणे पडले. तेवढ्यात जीप आली.

मॅडमनी भिंत पाहिली. पोतारा पाहिला. लक्ष्मीची पावलं पाहिली.

"हे काय आहे?"

"सांभाळली, मॅडम," चिखलातून आवाज आला.

"मी तिला मरायला ठेवलं होतं!"

"आमच्या दारात असं कोनाले मरू देत नाई, बाई," माणिकबाई म्हणाल्या. "च्या मांडू?"

मॅडमच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. केशवरावांनी मनातल्या मनात सामानाची बांधाबांध सुरू केली. पण पाहुणे तिथे नव्हतेच. ते क्वार्टरपुढे गोळा झाले होते. खचलेला कोपरा, निघालेली पोपडी, लोंबणारा पत्रा, पिंपळ. सगळे फोटो काढत होते. मॅडम गेल्या, पाहिलं आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

"हेच! हेच तर मला म्हणायचं होतं!"

निर्णय जागेवरच झाला. आजपासून क्वार्टर म्हणजेच 'क्षय'. एक खिळाही ठोकायचा नाही. आणि आत माणसं राहिलीच पाहिजेत, त्याशिवाय अर्थ पूर्ण होत नाही. केशवरावांची नोकरी पक्की झाली. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी चिखलासकट फोटो काढून घेतला.

आता पावसाळ्यात दोघं ताडपत्री घेऊन त्या मातीच्या भिंतीच्या आडोशाला झोपतात. तेवढीच कोरडी जागा उरली आहे. श्यामला फोन अजूनही जातो, फक्त थंडी आता खरी वाजते.

परवा मुंबईहून पितळी पाटी आली. केशवरावांनी ती अभिमानानं दारावर टांगली आणि मोठ्यानं वाचली : "क्षय. माध्यम : विटा, सिमेंट, केशवराव."

माणिकबाईंनी त्यांच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"क्वार्टरचं सोडा," त्या म्हणाल्या. "पन तुमाले तं लग्नापासून मीच लिपून-पोतारून उभं ठेवून राह्यली! मायं नाव काहून नाई पाटीवर?"