बिजलीचं डावं शिंग

माझ्या दुकानात येऊन डिझाइनला नावं ठेवणारी माणसं पुष्कळ भेटली. पण म्हशीच्या चित्राला व्हर्निअर लावून तिची शिंगं मोजणारं गिऱ्हाईक एकच, निघोज्याचे बाजीरावकाका.

"ताई, डावं शिंग बारीक हाय. रिजेक्ट."

काळेवाडीत माझं छोटंसं दुकान आहे. लाकडावर ठसा कोरायचा, शाई लावायची आणि हातानं लेबलं छापून द्यायची, हा माझा धंदा. मसालेवाले, पापडवाले, उदबत्तीवाले येतात. काकांचं काम होतं तुपाचं. त्यांच्या पत्नी पारूकाकू घरच्या म्हशीचं असं काही तूप कढवतात की बरणी उघडली तर माझी अख्खी गल्ली भूक लागल्यासारखी बघायला लागते. आजवर ते पाव्हण्यारावळ्यांनी फुकट ओरपलं. आता वाकडच्या एका मोठ्या सोसायटीत रविवारच्या बाजारात काकूंना टेबल मिळालं होतं. अट एकच, बरणीवर नीट लेबल पाहिजे, नाहीतर टेबल दुसऱ्या कुणाला. काकू हरखून गेल्या होत्या. लेबल मात्र काकांच्या ताब्यात होतं.

काकांचा जन्म गेला चाकणला एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात. कंपनीनं त्यांना निरोपाचा नारळ दिला, तोही त्यांनी कानाशी हलवून तपासून घेतला म्हणे. खिशात अजून 'रिजेक्ट'च्या लाल टॅगांची चवड असते. पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात असताना हे पुढे गेले, अंतरपाटाचं एक टोक दोन बोटं वर उचललं आणि भटजींना म्हणाले, "हं, आता लेव्हल. चालू द्या." एकदा भाकरीची कड जाड झाली म्हणून त्यांनी भाकरीला टॅग लावला. काकूंनी भाकरी म्हशीला घातली आणि काकांच्या ताटात टॅग वाढला.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काका, नाव काय द्यायचं?"

"पीटी, शून्य एक."

"तुपाला?"

"मग? पारूचं पी, तुपाचं टी. उद्या लोणी इकायला काढलं की शून्य दोन. घोळच न्हाई."

मी हट्टानं 'पारूबाईचं तूप' असं लिहिलं. मग रंगाची पाळी आली. हळदीचा पिवळा दाखवला, झेंडूचा दाखवला, पिकल्या लिंबाचा दाखवला. काका म्हणाले, "चांगलेत. पण ह्यात कंपनीतल्या फोर्कलिफ्टचा पिवळा दिसंना कुठं."

खरी गंमत पुढेच होती. लेबल हातानंच छापलेलं पाहिजे, यावर काका ठाम. मशीनचं नको, शहरातल्या लोकांना हाताची माया दिसली पाहिजे म्हणे. पण सगळी लेबलं तंतोतंत सारखीही पाहिजेत. मी समजावलं, "काका, हाताचं काम आहे. कुठं शाई जरा दाट, कुठं कान जरा फिका, एवढा फरक राहणारच."

"मग हाताला ट्रेनिंग द्या."

मी कपाळाला हात लावला, तर हाताची शाई कपाळावर उमटली. काकांनी तीही निरखून बघितली. "ही छपाई मात्र एकसारखी आली राव!"

शिंग दुरुस्त केलं, तर कान पडला. कान बसवला, तर शेपटीचा गोंडा रिजेक्ट झाला. "फोटो तरी आणा म्हशीचा," मी वैतागून म्हणाले. "फोटोत माप येत न्हाई," म्हणून काका गेले आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतून खुद्द म्हैसच घेऊन आले. तिचं नाव बिजली, पण पाय उचलायचा तरी तिला आधी विचार करावा लागतो. ती माझ्या दारात उभी राहिली आणि गल्ली बंद झाली. रिक्षावाले हॉर्न वाजवतायत, समोरच्या इस्त्रीवाल्या वहिनी तिला हळदकुंकू लावतायत, काका टेप घेऊन शिंगाभोवती फिरतायत आणि मी ओरडतेय, "काका, मान! तिची मान बघा!" तोवर बिजलीनं मान आत घालून वाळत ठेवलेली लेबलं चघळायला घेतली होती.

काकांनी शांतपणे बघितलं. "बघा. तिलाबी पटलं न्हाई."

करता करता शनिवार उजाडला. ताजी लेबलं मांडली होती आणि काका ती एकेक उजेडात धरून मान हलवत होते. एवढ्यात बसनं पारूकाकूच येऊन थडकल्या, पिशवीत तुपाच्या बरण्या घेऊन. काका चहा सांगायला कोपऱ्यावर गेले, तशा त्या माझ्याकडे सरकल्या.

"ताई, त्ये पास करायचे न्हाईत."

"इतकं वाईट झालंय का हो?"

"वाईट कुठलं! लई ग्वाड झालंय." काकूंनी लेबलावरून बोट फिरवलं. "रिटायर झाल्यापासनं सकाळी उठून डबा भरून मागायचे. म्हणलं, घरीच तर हायसा, ताट वाढते. तर न्हाई. डबा घ्यायचे आन् गोठ्यापाशी जाऊन एकलेच खायाचे. तुमच्याकडं याया लागले तवापासनं इस्त्रीचा शर्ट घालून डबा घेऊन निघत्यात. वाटंत कुणी इचारलं तर सांगत्यात, कामावर चाललोय." "आता पास केलं, तर सोमवारी डबा घिऊन कुठं जायचं त्येंनी?"

इतके दिवस मी या माणसावर मनातल्या मनात चरफडत होते.

काका चहा घेऊन आले. काकूंनी एक बरणी फडक्यानं पुसली आणि त्यांच्यासमोर ठेवली. काका बरणीकडे बघत राहिले, मग काकूंकडे. रात्रंदिवस त्या उद्याच्याच बाजाराचं बोलत होत्या, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी वरचं लेबल उचललं, उजेडात धरलंच नाही, खळ लावली आणि दोन्ही हातांनी बरणीवर दाबून बसवलं. लेबल चांगलंच तिरकं बसलं.

"पास," ते म्हणाले. मग शर्टाच्या बाह्या सारख्या करत उगाच दुकानभर बघत राहिले, निघायचं असूनही पाय निघत नसल्यासारखे.

मी म्हणाले, "काका, उदबत्तीवाल्यांचं काम आलंय. मसालेवाल्यांचंही येईल. मला एकटीला लेबलं तपासणं होत नाही. तुम्ही याल?"

काकांनी घसा खाकरला. काकूंकडे बघायचं टाळून, अगदी रुबाबात त्यांनी विचारलं, "शिफ्ट कितीची?"